काच जुनी, कॅमेरा नवा

हाताने फोकस करायची लेन्स ही मुळात एक यांत्रिक वस्तू आहे. धातूच्या नळीत बसवलेल्या चार ते सात काचा, त्यांना पुढेमागे सरकवणारे आटे आणि प्रकाश कमीजास्त करणारी अपर्चरची पातळ पाती, एवढाच तिचा संसार. तिच्यात मोटर नाही, चिप नाही, विजेची जोडणी नाही. म्हणूनच १९६० किंवा १९७० च्या दशकातली लेन्स आजही चालते. ज्या कॅमेऱ्यासाठी ती घडवली गेली तो बंद पडला, त्याची बॅटरी मिळेनाशी झाली, रोल धुऊन देणारी दुकाने उठून गेली, तरी लेन्सचे काही अडलेले नाही.

या लेन्सचा काळ ढोबळमानाने १९४९ ते १९८५ असा धरता येतो. १९४९ मध्ये ड्रेस्डेनला तयार झालेल्या काँटॅक्स एस या कॅमेऱ्याबरोबर ४२ मिलिमीटर व्यासाचे, आट्यांवर फिरवून बसवायचे माउंट आले. एम-४२ या नावाने ओळखले जाणारे हे माउंट पुढे प्रॅक्टिका, पेंटॅक्स, झेनिट अशा अनेकांनी वापरले. १९५९ मध्ये निकॉनने आपले एफ माउंट आणले. १९८५ मध्ये मिनोल्टाचा ७००० हा कॅमेरा स्वयंचलित फोकस घेऊन आला आणि हाताने रिंग फिरवण्याचा काळ मागे पडू लागला. भारतात मात्र तो बराच रेंगाळला. पेंटॅक्स के-१०००, याशिका एफएक्स-३, निकॉन एफएम-२ आणि एफएम-१० हे कॅमेरे इथल्या स्टुडिओवाल्यांनी आणि हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे वापरले, आणि रशियन झेनिटही अनेक घरांत पोहोचले होते. या कॅमेऱ्यांच्या लेन्स आज कपाटांच्या वरच्या कप्प्यात पडून असतात. त्यांना पुन्हा कामाला लावणे आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे आहे. का, ते एका अंतरात दडलेले आहे.

प्रत्येक लेन्सचे बूड आणि फिल्म यांच्यात एक ठरलेले अंतर असते. त्याला फ्लँज अंतर म्हणतात. लेन्स या अंतरावर बसली तरच दूरचा डोंगर स्पष्ट दिसतो. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे वरखाली होणारा आरसा असे. त्याला जागा लागे, त्यामुळे हे अंतर मोठे ठेवावे लागले. निकॉन एफचे अंतर ४६.५ मिलिमीटर, एम-४२ चे ४५.४६, मिनोल्टाचे ४३.५, कॅनन एफडीचे ४२. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसल्याने ते एकदम घटले. सोनी ई माउंटचे १८, फुजी एक्सचे १७.७, कॅनन आरएफचे २० आणि निकॉन झेडचे अवघे १६ मिलिमीटर. आता हिशेब सरळ आहे. एम-४२ लेन्स सोनीवर लावायची तर ४५.४६ मधून १८ वजा करून उरलेल्या २७.४६ मिलिमीटर लांबीची रिकामी नळी मध्ये घालायची. हाच अ‍ॅडॉप्टर. त्यात काच नाही, त्यामुळे चित्राचा दर्जा त्याने घटत नाही. फक्त तो नेमक्या मापाचा हवा. पॅनासोनिकने २००८ मध्ये पहिला मिररलेस कॅमेरा आणला, सोनीने २०१३ मध्ये ए-७ मध्ये फिल्मच्या चौकटीएवढा पूर्ण सेन्सर दिला, आणि जगभरच्या जुन्या काचा कपाटाबाहेर आल्या.

आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर, म्हणजे डीएसएलआरवर, हा हिशेब इतका उदार नाही. कॅननच्या ईएफ माउंटचे अंतर ४४ मिलिमीटर आहे. तिथे एम-४२ साठी दीड मिलिमीटरपेक्षाही पातळ कडी पुरते. निकॉनच्या डीएसएलआरवर मात्र एम-४२ लेन्स हवी त्यापेक्षा १.०४ मिलिमीटर पुढेच राहते. हा फरक क्षुल्लक वाटेल, पण ५० मिलिमीटरच्या लेन्सला तेवढ्याने सुमारे अडीच मीटरपलीकडचे काहीच स्पष्ट दिसत नाही, आणि अ‍ॅडॉप्टरची जाडी त्यात वाढली की आणखी जवळ यावे लागते. हे सुधारण्यासाठी काच घातलेले अ‍ॅडॉप्टर विकले जातात. स्वस्तातली ती काच चांगल्या लेन्सचे पाणी उतरवते. ती न घेतलेलीच बरी.

कॅननच्या एफडी लेन्सची कथा याच अंतराची आहे. १९८७ मध्ये कॅननने ईओएस मालिका आणताना माउंट पूर्ण बदलले आणि अंतर ४२ वरून ४४ वर नेले. जुन्या लेन्स कॅननच्याच नव्या कॅमेऱ्यावर बसेनात. उत्तम काच कवडीमोल झाली. मिररलेस आल्यावर याच लेन्सना पुन्हा मागणी आली. निकॉनने माउंट टिकवून ठेवले, तरी तिथे एक मेख आहे. १९७७ मध्ये आलेली एआय पद्धतीची आणि त्यानंतरची लेन्स डीएसएलआरवर थेट बसते. डी-७००० सारख्या कॅमेऱ्यात तिची फोकल लांबी आणि सर्वांत मोठे अपर्चर मेनूत भरले की प्रकाशमापनही होते. डी-३००० आणि डी-५००० या मालिकांत ते होत नाही. १९७७ च्या आधीची, न बदललेली लेन्स वरच्या श्रेणीच्या बहुतेक डीएसएलआरवर जोराने बसवली तर माउंटजवळची नाजूक कळ मोडू शकते. हाताशी आलेली लेन्स कोणत्या काळातली आहे हे कळल्याशिवाय ती फिरवून बसवू नये.

लेन्स बसली की कॅमेऱ्याला समजावून सांगावे लागते. विजेची जोडणी नसल्याने बरेच कॅमेरे समोर लेन्सच नाही असे मानतात आणि शटर सोडत नाहीत. ‘लेन्स नसताना शटर चालू ठेवा’ अशा अर्थाची सेटिंग मेनूत शोधून ती सुरू करावी. बॉडीतच थरथर रोखणारी यंत्रणा असेल तर तिला लेन्सची फोकल लांबी सांगणे आवश्यक असते. ५० च्या लेन्सला चुकून १३५ चा आकडा दिला तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि स्थिर हाताचा फोटोही पुसट येतो. अपर्चर लेन्सवरच्या रिंगने ठरवायचे आणि शटरचा वेग कॅमेऱ्यावर सोडायचा, ही सर्वांत सोयीची रीत. एम-४२ च्या बऱ्याच लेन्सच्या बुडाशी एक बारीक खिळी असते. ती दाबली गेल्याशिवाय पाती मिटत नाहीत. अशा लेन्सवर ‘ए’ आणि ‘एम’ असा खटका असेल तर तो ‘एम’ वर ठेवावा, नसेल तर खिळी दाबून धरणारा अ‍ॅडॉप्टर घ्यावा. फोटोसोबत साठणाऱ्या माहितीत अपर्चर नोंदले जात नाही. शिकणाऱ्याने ते वहीत लिहून ठेवावे. काही महिन्यांनी तीच वही लेन्सचा स्वभाव सांगू लागते.

खरे काम त्यानंतर सुरू होते. फिल्मच्या अनेक कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी दुभंगलेली प्रतिमा दिसे; रिंग फिरवून दोन अर्धी जुळली की फोकस झाला. डीएसएलआरच्या पडद्यावर ती सोय काढून टाकली गेली. शिवाय तो पडदा अपर्चर एफ/१.४ असतानाही साधारण एफ/२.८ एवढी स्पष्टतेची खोली दाखवतो, म्हणून डोळ्याला जे स्पष्ट वाटते ते फोटोत निसटलेले असते. मिररलेसमध्ये दोन मदतनीस आहेत. फोकस पीकिंग स्पष्ट कडांना रंगीत रेघ देते. प्रतिमा मोठी करण्याची सोय नेमका भाग पाच-दहा पटींनी दाखवते. पीकिंग झटपट आहे, पण ते फक्त कडांचा ठळकपणा ओळखते. उघड्या अपर्चरवर त्याच्यावर विसंबू नये. ५८ मिलिमीटरच्या लेन्सने एफ/२ वर एक मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला तर पूर्ण सेन्सरवर स्पष्टतेची खोली जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते. डोळा स्पष्ट आणि कान पुसट. तिथे प्रतिमा मोठी करूनच पापण्या शोधाव्या लागतात, आणि छायाचित्रकार स्वतः दोन सेंटिमीटर पुढे झुकला तरी मेहनत वाया जाते.

दूरच्या आणि रुंद दृश्यांत जुन्या लेन्सची एक देणगी उपयोगी पडते, ती म्हणजे अंगावर कोरलेली अंतराची पट्टी. आजच्या अनेक लेन्सवर ती उरलेली नाही. उत्तर कोकणातल्या सफाळ्याजवळच्या तांदुळवाडी किल्ल्याचे उदाहरण घेता येईल. माथ्यावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि खाली सूर्या नदी वैतरणेला मिळते तो परिसर दिसतो. पायाजवळचे टाके आणि दूरचा संगम दोन्ही स्पष्ट हवे असतील तर २८ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर ठेवून फोकस ३.३ मीटरवर लावावा. पूर्ण सेन्सरवर १.६५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. लहान, एपीएस-सी सेन्सरवर हाच आकडा ४.९ मीटर होतो आणि जवळची हद्द अडीच मीटरच्या आसपास सरकते. एकदा हे लावले की फोकसकडे पुन्हा पाहायचे कारण नाही. लक्ष ढगांच्या सावलीवर ठेवता येते.

मात्र या पट्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, आणि दोष लेन्सचा नसतो. स्वस्त अ‍ॅडॉप्टर मुद्दाम किंचित आखूड बनवतात, म्हणजे क्षितिज हमखास फोकसमध्ये येते. नळी एक दशांश मिलिमीटरने आखूड असली तर २८ च्या लेन्सवर पट्टी ३.३ मीटर दाखवत असताना प्रत्यक्ष फोकस साडेपाच मीटरच्या पुढे गेलेला असतो. टाक्याचा अलीकडचा काठ मग पुसट येतो. उपाय साधा आहे. दूरच्या विजेच्या मनोऱ्यावर प्रतिमा मोठी करून फोकस करावा आणि त्या वेळी पट्टी काय दाखवते ते पाहावे. तेवढा फरक लक्षात ठेवून पट्टी वाचावी किंवा नेमक्या मापाचा अ‍ॅडॉप्टर घ्यावा.

हीच युक्ती माणसांच्या हालचालीतही चालते. सफाळे स्टेशनाबाहेरच्या बाजारात सकाळी भाजीच्या पाट्या उतरत असतात. प्रत्येक चेहऱ्यावर रिंग फिरवायला सवड नसते. ३५ मिलिमीटरची लेन्स, एफ/८, फोकस तीन मीटरवर. पूर्ण सेन्सरवर सुमारे १.९ ते ७.२ मीटरमधले सगळे स्पष्ट. त्या पट्ट्यात कोणी आले की बटण दाबायचे. तारपा नृत्यात तारपा वाजवणारा मध्ये आणि एकमेकांना धरून नाचणाऱ्यांची साखळी भोवती फिरत असते. तिथे स्वयंचलित फोकसही कधी पुढच्या हातावर, कधी मागच्या पाठीवर उडी मारतो, तर आधीच ठरवलेले अंतर जागचे हलत नाही. संध्याकाळच्या उजेडात एफ/८ साठी आयएसओ वाढवावा लागेल. आजच्या सेन्सरला ते झेपते, फिल्मला झेपत नव्हते. जुन्या काचेला नव्या कॅमेऱ्याने दिलेली ही सर्वांत मोठी भेट म्हणावी लागेल.

लहान सेन्सरवर लेन्सचा मधला भागच वापरला जातो. एपीएस-सीवर ५० ची लेन्स ७५ सारखी भासते, मायक्रो फोर थर्ड्सवर १०० सारखी. व्यक्तिचित्रांना ते पथ्यावर पडते. रुंद दृश्यांचे नुकसान होते, कारण २८ ची लेन्स ४२ सारखी होऊन बसते.

जुन्या लेन्सच्या चित्रात एक वेगळेपण असते, त्याबद्दल बरेच गूढ बोलले जाते. त्यामागची कारणे भौतिक आहेत. रशियन हेलिओस ४४ ही ५८ मिलिमीटर, एफ/२ ची लेन्स झाइसच्या बायोटारवरून घडवली गेली. उघड्या अपर्चरवर तिच्या कडांचे प्रकाशबिंदू कापले जाऊन बदामी होतात आणि मागची पाने भोवऱ्यासारखी फिरताना दिसतात. एफ/४ ला तो भोवरा बराच शमतो. एकाच थराचे लेपन असलेल्या काचा समोरच्या उजेडात धुरकट होतात. केळव्याच्या सुरूच्या बनातून मावळता सूर्य टिपताना काळ्या खोडांवर दुधी पडदा येतो तो यामुळेच. कोणाला तो हवासा वाटतो, कोणाला नको असतो. नको असेल त्याने लेन्सला हूड लावावे किंवा खोडाआड सूर्य झाकावा. पेंटॅक्सच्या ५० मिलिमीटर, एफ/१.४ टाकुमारच्या अनेक प्रती पिवळसर झालेल्या दिसतात. त्यांच्या काही काचांत थोरियम आहे आणि त्याच्या किरणोत्सारामुळे काच कालांतराने पिवळी पडते. नेहमीच्या वापरात त्याचा धोका नाही, पण अशी काच घासू किंवा फोडू नये. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. उन्हात ठेवायची असेल तर नजर ठेवावी. मोठ्या अपर्चरची लेन्स भिंगासारखी आग लावू शकते.

उत्तर कोकणच्या किनारपट्टीवर जुन्या लेन्सचा खरा शत्रू मात्र वय नाही, बुरशी आहे. सफाळे, केळवे, एडवण, बोईसर, तारापूर या पट्ट्यात समुद्र जवळ आहे आणि जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच. ओलावा, अंधार आणि साचलेली हवा मिळाली की ते लेन्सच्या आतल्या काचेवर रुजतात, धुळीवर आणि वंगणाच्या अंशावर पोसतात आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. त्यांच्यातून सुटणारे आम्ल आधी लेपन खाते, मग काच. बुरशी मारता येते, पुसता येते. तिने कोरलेले ओरखडे मात्र कायम राहतात. सुरुवातीच्या दोन-चार तंतूंनी फोटोत फरक दिसत नाही, आणि म्हणूनच दुर्लक्ष होते.

कपाटातले बंद चामडी कव्हर ही लेन्ससाठी सर्वांत वाईट जागा. चामडे ओल धरून ठेवते. ज्या घरात पंचवीस वर्षे लेन्स कव्हरात जपून ठेवली, त्या घरात ती खराब निघण्याचा संभव जास्त. रोज हाताळलेल्या लेन्सला हवा आणि उजेड मिळतो. हवेतील आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवावी. साठ-पासष्टच्या वर ती रेंगाळली की बुरशीला आमंत्रण मिळते. विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट हा उत्तम उपाय. ते परवडत नसेल तर रबरी कडीचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक पुरे. निळे सिलिका जेल ओल शोषून गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करता येते. हा तवा स्वयंपाकाचा नसावा. लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवण्याची रीत सोडून द्यावी. पिठाची धूळ आट्यांत जाते आणि ओल फारशी कमी होत नाही.

विकत घेताना हेच ज्ञान कामी येते. सफाळ्याहून गाडीने दक्षिणेकडे निघाले की ग्रँट रोडजवळचा चोरबाजार आणि फोर्टातली कॅमेऱ्यांची दुकाने आवाक्यात असतात. तिथे जाताना खिशात छोटी बॅटरी असावी. अपर्चर पूर्ण उघडून मागच्या बाजूने तिरपा प्रकाश टाकावा आणि पुढून पाहावे. तंतू म्हणजे बुरशी. सर्वत्र पसरलेले धुके म्हणजे वंगणाची वाफ बसलेली. कडेला इंद्रधनुष्यी डाग म्हणजे काचा जोडणारी राळ सुटलेली. ती दुरुस्ती सहसा परवडत नाही. दोन-चार धूलिकण किंवा पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा यांना घाबरू नये. पात्यांवर तेल दिसले तर फिल्मच्या कॅमेऱ्यात ती मोठी अडचण होती, कारण पाती क्षणार्धात मिटावी लागत. मिररलेसवर ती आधीच मिटलेली असतात, त्यामुळे निभते. फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारख्या जोराने फिरली पाहिजे. मध्येच खरखर लागली तर आट्यांत वाळू आहे, फार जड असेल तर वंगण सुकले आहे. नावाजलेल्या कंपनीची बुरशी लागलेली लेन्स घेण्यापेक्षा साध्या नावाची स्वच्छ लेन्स घेणे केव्हाही शहाणपणाचे. सुरुवातीला ५० मिलिमीटर, एफ/१.८ किंवा एफ/२ ची लेन्स घ्यावी. ती प्रत्येक कंपनीने भरपूर बनवली, त्यामुळे निवडीला वाव असतो.

किनाऱ्यावर वापरताना थोडी शिस्त लागते. केळव्याच्या वाळूत लेन्स बदलू नये. खाऱ्या वाऱ्यात तासभर काम केल्यावर धातूचा भाग आधी किंचित ओल्या आणि मग कोरड्या कापडाने पुसावा. मीठ राहिले तर ते ओल ओढत राहते. एसी खोलीतून दमट हवेत येताना पिशवी अर्धा तास बंदच ठेवावी, नाहीतर थंड काचेवर आतूनही दव धरते. आतून बुरशी दिसली तर घरी पेचकस हाती घेऊ नये. काचांचा क्रम आणि त्यांच्यातील अंतरे एकदा बिघडली की कोणताही अ‍ॅडॉप्टर ती परत देत नाही. हे काम लेन्स उघडण्याचा सराव असलेल्या कारागिराकडे द्यावे.

घरात जुना कॅमेरा असेल तर त्याची लेन्स यंदाचा पाऊस सुरू होण्याआधी कव्हरातून बाहेर काढावी आणि बॅटरीच्या उजेडात एकदा आरपार पाहून घ्यावी.